ईदनंतर विचारू

सित्ताना बाबिकर खार्तूमला आमच्या विभागात रुजू झाली त्याच दिवशी तिने माझ्याशी भांडण काढलं. मी प्रयोगशाळेतली. लोकांचं रक्त घ्यायचं, त्यातलं कामाचं तेवढं वेगळं काढायचं, गोठवायचं आणि त्या फ्रीझरवर नागासारखं बसून राहायचं, हे माझं काम. ती केपटाउनहून जनुकं संगणकावर वाचायला शिकून आली होती. आल्या आल्या तिने फ्रीझर उघडला आणि विचारलं, "अवातिफबाई, एवढं रक्त कोणासाठी साठवलंय?" मी म्हटलं, संशोधनासाठी. "कोणाच्या?" मी तिला दार दाखवलं.

उत्तर मला ठाऊक होतं आणि राग त्याचाच आला होता. उन्हात गावोगाव फिरायचो आम्ही, सुया टोचायचो आम्ही, आणि नळ्या बर्फात घालून परदेशी रवाना करायचो. तिकडची माणसं फार सभ्य. येताना चॉकलेटं आणायची. मग दोन-तीन वर्षांनी कुठेतरी लेख छापून यायचा. त्यात आमच्या विद्यापीठाचे शेवटी आभार मानलेले असायचे, की संपलं. गावातल्या आया मला बाजारात गाठून विचारायच्या, बाई, आमच्या रक्तात काय निघालं? मी सांगायची, येईल. किती वर्षं तेच सांगत होते, देवालाच ठाऊक.

सित्ताना ठेंगणी, आवाज भाजीवालीचा, अंगावर साडीसारखा गुंडाळलेला तोब सदा खांद्यावरून घसरलेला. तिचं म्हणणं साधं होतं. रक्त आपलं, आजार आपला, मग वाचणारे आपले का नकोत? या विषयाला जैवमाहितीशास्त्र म्हणतात. नाव उच्चारेपर्यंत कॉफी गार होते. सगळ्या सुदानात हे थोडंफार येणारी माणसं होती, पण एक न्यालाला, एक पोर्ट सुदानला, दोघं खार्तूममध्येच आणि तीही एकमेकांना न ओळखणारी. प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा बसून संगणकाशी डोकेफोड करायचा आणि स्वतःलाच मूर्ख समजायचा. सित्तानाने यांना एकत्र आणायचं ठरवलं. मी म्हटलं, ही वर्षभरात थकेल. तेव्हा मी तिला नीट ओळखत नव्हते.

तिने संस्था काढली नाही की अध्यक्ष-चिटणीस नेमले नाहीत. तिने नफीर बोलावलं. कोणाचं घर पावसात पडलं, कोणाची ज्वारी कापायची राहिली, की आमच्याकडे ढोल वाजतो आणि गाव कामाला जमतं. मजुरी कोणी मागत नाही, नाही कोणी म्हणत नाही. ज्याचं काम त्याने माती कालवून ठेवायची आणि सगळ्यांना जेवायला घालायचं, एवढंच. सित्ताना म्हणाली, भिंत उभी करायला लोक येतात, तर अडलेल्या प्रबंधाला का येणार नाहीत? मग महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या विभागाच्या तळघरात पोरंपोरी जमू लागली. ती मधोमध उभी राहून पुकारा करायची, "आज घर कोणाचं?" ज्याचं काम अडलं असेल तो हात वर करायचा आणि मग सगळे त्याच्यावर तुटून पडायचे.

पहिला हात अल-ओबैदच्या हनादीने वर केला होता. तिच्या पदवीला ज्या प्राध्यापकांनी मार्गदर्शन करायचं, त्यांना त्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तसं कबूल करायची सोय नव्हती. परदेशातून तिच्या नमुन्यांची माहिती एका डिस्कवर आली होती. ती डिस्क तिच्या कपाटात कपड्यांखाली वर्षानुवर्षं पडून होती. तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लग्न टाळायला हिने डबा पाळलाय." त्या शनिवारी आणि दुसऱ्या दिवशीही सगळे त्या डब्याला चिकटून बसले. मी वर तीळतेल घालून बाकल्याची उसळ ढवळत होते, कारण हनादीला स्वयंपाक येत नव्हता. संध्याकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला. मला वाटलं, आग लागली. हनादीचं उत्तर निघालं होतं. ती रडत होती आणि ज्यांनी ते काढून दिलं तीही वेडी पोरं रडत होती.

त्यानंतर लोक बसने यायला लागले. पोर्ट सुदानवरून, कस्सालावरून, न्यालावरून. न्यालाची बस रस्त्यात किती दिवस काढेल याचा नेम नसायचा, तरी यायचे. आमच्या घरांत झोपायचे, आमचं खायचे, आमच्या मुलांचे अभ्यास घ्यायचे. सित्तानाने प्रत्येक नवख्याला एक जुना जोडून दिला. जुन्याने आठवड्यातून एकदा त्याची विचारपूस करायची आणि कोणत्याही प्रश्नाला हसायचं नाही. मुतासिम नावाचा एक उनाड मुलगा होता, हातात कायम बडीशेपेचा पुडा. तो एकदा एका नवख्या मुलीच्या प्रश्नाला हसला. सित्तानाने त्याला महिनाभर सगळ्यांची भांडी घासायला लावली. पुढे तोच तिचा सगळ्यात हुशार विद्यार्थी निघाला आणि तोच ऑस्लोला गेला. सित्तानाला सगळे उस्ताजा म्हणायचे, म्हणजे मास्तरीणबाई. जाताना म्हणाला, उस्ताजा, मी परत येईन. सगळेच म्हणतात. पण त्याने एक केलं, शनिवारी तिकडून संगणकावर न चुकता हजर राहायचा.

तळघरात एक यंत्र उभं राहिलं. बँकांनी टाकून दिलेले संगणक जोडून पोरांनीच ते बनवलं होतं. त्याचा आवाज पिठाच्या गिरणीचा आणि त्याला वीज आमच्या अख्ख्या विभागापेक्षा जास्त लागायची. मी त्याला सित्तानाचा नवरा म्हणायची, कारण तिने दुसरा केला नाही. देशभरातली पोरं आपापलं काम त्याच्यावरच करायची आणि त्याच्यावरच ठेवायची. घरी ठेवणार कुठे, वीज नाही, पैसा नाही. वर फ्रीझरमध्ये रक्त आणि खाली यंत्रात त्या रक्ताची वाचलेली अक्षरं. आपल्या माणसांचं सगळं एका छपराखाली आहे, याचा तिला फार अभिमान होता. खोटं कशाला बोलू, मलाही होता.

वद-सालिम गाव जझीऱ्याच्या कालव्यांवर आहे. तिथल्या एका कुळात मुलगे सात-आठ वर्षांचे होईपर्यंत धावतात आणि मग पाय जातात. मग हात जातात. बतूल नावाची बाई होती, तिचा थोरला हातिम तेव्हा भिंत धरून चालत होता आणि धाकटा वहीब अजून गावभर धावत होता. बतूलला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, धाकट्याला होणार की नाही, आणि झालं तर आधीपासून काय करता येईल. मी आणि सित्ताना त्या गावी गेलो तेव्हा कुळातले थोरले हाज ताहा, बतूलचे सासरे, ओसरीवर बसले होते. त्यांनी आधी शपथ घातली की जेवल्याशिवाय गेलात तर माझ्या बायकोला तलाक. त्यांची बायको आतून ओरडली की चार वेळा हीच शपथ घातली आहे, एकदा तरी मोडून दाखवा. ज्वारीची आंबोळीसारखी किसरा आणि भेंडीचा रस्सा झाल्यावर हाज ताहा म्हणाले, "पोरी, रक्त आम्ही मागेही दिलं. ते समुद्रापलीकडे गेलं. मेलेल्याची खबर येते, त्याची नाही आली. तू शब्द दे. जे नेशील ते या देशाबाहेर जाणार नाही."

सित्तानाने ओसरीवर सगळ्यांसमोर शब्द दिला. मग मी रक्त घेतलं. आजोबांचं, काकांचं, बतूलचं, पोरांचं, एका पणजीचंही. पणजीची शीर सापडता सापडेना आणि ती मला शिव्या घालत होती. असं पिढ्यानपिढ्यांचं रक्त एकाच घरातून मिळणं सोपं नसतं. हातिमने माझी सुई बघून विचारलं, याने माझे पाय येतील का? मी म्हटलं, आधी कळेल तरी. तो म्हणाला, बरं.

वाचायचं छोटं यंत्र आमच्याकडे आलं होतं, मुठीत मावेल एवढं, त्यामुळे परदेशी काही पाठवायची गरज उरली नव्हती. त्याला लागणारी रसायनं कस्टमवाल्यांकडे अडकायची. त्यात वर्ष गेलं. पण वाचून झालं, यंत्रात चढलं आणि नफीर कामाला लागलं. हनादी आता स्वतः शिकवणारी झाली होती. तिच्या गटाने कुठे शोधायचं ते बरंच आवळत आणलं होतं. थोडं राहिलं होतं, असं ती म्हणायची.

त्या फेब्रुवारीत मुतासिमचा फोन आला. तो म्हणाला, "उस्ताजा, सगळ्याची एक प्रत मी इथे ठेवतो. एकाच खोलीत सगळं आहे. उद्या छप्पर गळलं तर?"

"शब्द दिलाय," सित्ताना म्हणाली. हाज ताहांना दिलेला शब्द तिने तळघरातल्या सगळ्यांच्याच कामाला लावला होता.

"मग विचारा त्यांना. आत्ता फोन करा, हो म्हणाले की मी लगेच उतरवून घेतो."

"असल्या गोष्टी फोनवर विचारत नाहीत, लेका. जाऊन, बसून, जेवून विचारायच्या असतात."

मी शेजारीच बसले होते. मला ते बरोबर वाटलं, आमच्यात कोणालाही वाटलं असतं. ज्याच्या घरात पाय न ठेवता नुसता फोन करून शब्द परत मागायचा, त्याच्या दारात पुन्हा कोणत्या तोंडाने जाणार? शिवाय हाज ताहांना वाटलं असतं, हीही त्या समुद्रापलीकडच्यांतलीच निघाली. मुतासिम म्हणाला, तुमची मर्जी. आम्ही पुढच्या आठवड्यात जायचं ठरवलं तर डिझेल मिळेना. मग विद्यापीठात संप झाला. मग रमजान लागला, आणि रोज्याच्या दिवसांत पाहुणे होऊन गरीब घरावर जाऊन पडायचं म्हणजे त्यांनी कोकरू कापायचं. सित्ताना म्हणाली, ईदनंतर विचारू. ईदच्या दुसऱ्या दिवशीच जाऊ, पोरांना कपडेही घेऊन जाऊ. तिने हातिमसाठी एक पांढरा सदरा घेऊनही ठेवला.

ईद यायच्या आधीच एका शनिवारी सकाळी तोफा सुरू झाल्या. त्या युद्धाबद्दल मला काही सांगायचं नाही. ज्यांनी केलं ते सांगतील, त्यांना बोलायची हौस दांडगी. मी ओमदुरमानला होते, सित्ताना बाहरीला, शहर एकच, पण मध्ये नदी आणि पुलांवर बंदुका. वीज गेली त्या दिवशी मी घरात बसून फक्त फ्रीझरचा विचार करत होते. बर्फ किती वेळ टिकतो हे मला माहीत होतं. सगळं वितळलं असेल त्या सुमाराला माझ्या बहिणीने मला जेवायला वाढलं आणि मी ताट भिंतीवर फेकलं. तिला वाटलं, मी गोळ्यांना घाबरले.

तळघराचं मात्र आम्हाला वाटलं होतं की वाचेल. यंत्र बंद पडलं तरी आतलं जात नाही, वीज आली की परत येतं, असं पोरं सांगत होती. सित्ताना त्या भरवशावर जगली. घर सोडलं, एका ट्रकमध्ये उभी राहून पूर्वेकडच्या गदारिफला आली, महिन्यांनी मीही तिथे पोचले, तरी ती हेच म्हणायची, की तळघर आहे. मग विभागाचा जुना पहारेकरी एकदा कसाबसा तिथे जाऊन आला आणि त्याने मोबाइलवर चित्र पाठवलं. भिंतीतून तांब्याच्या ताराही ओढून काढल्या होत्या. यंत्राचा एक पत्रा तेवढा दारात पडला होता आणि त्यावर कोणीतरी चहा उकळला होता. डिस्क भंगारात किलोने गेल्या, असं पहारेकऱ्याला बाजारात कळलं. सित्तानाने ते चित्र खूप वेळ बघितलं आणि मला म्हणाली, "पत्रा तरी आणायला सांगायला हवा होता." तिचं डोकं ठिकाणावर आहे का, याची मला तेव्हा पहिल्यांदा धास्ती वाटली.

मुतासिमने एकदाही म्हटलं नाही, मी सांगत होतो. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता विचारायचा, उस्ताजा, जेवलात का?

त्यानेच तिच्या मागे लागून पुन्हा नफीर बोलवायला लावलं. गदारिफच्या बाजारात एका दुकानात आकाशातून येणारं इंटरनेट होतं, तासावर पैसे घ्यायचे. आम्ही दोघी दोरीच्या बाजेवर बसलो. मला वाटलं होतं, चार-दोन माणसं दिसतील. पण नफीरला नाही म्हणत नाहीत. पडदा चेहऱ्यांनी भरून गेला. कैरो, किगाली, रियाध, ऑस्लो, क्वालालंपूर. हनादी चाडच्या सीमेवरच्या छावणीतून आली होती, तिचा आवाज तुटत होता. कोणी टॅक्सी चालवत होतं, कोणी भांडी घासत होतं, मोजक्यांना चांगल्या प्रयोगशाळा मिळाल्या होत्या आणि तेच सगळ्यात ओशाळलेले दिसत होते. सगळ्यांनी सगळ्यांच्या मेलेल्यांची फातिहा म्हटली, त्यात बराच वेळ गेला. मग सित्तानाने तोब सावरला आणि सवयीने पुकारा केला, "आज घर कोणाचं?"

एकही हात वर झाला नाही. कोणाकडेच काही नव्हतं. ज्याचं त्याचं सगळं त्या तळघरात होतं. एवढे हात, एवढी शिकवून तयार केलेली माणसं, हाडाची काडं करून घडवलेली, आणि कालवायला मूठभर माती नाही. कोणी रडलं असतं तरी चाललं असतं. शेवटी हनादी म्हणाली, परत सुरू करू. वद-सालिमचे लोक गदारिफमध्येच कुठल्यातरी शाळेत आलेत, असं ऐकलंय. रक्त परत घ्या, वाचायचं यंत्र आम्ही पाठवू. मुतासिम म्हणाला, मी पाठवतो. एकदम सगळे बोलायला लागले. सित्तानाच्या चेहऱ्यावर थोडा जीव आलेला मी बघितला, आणि दुकानदाराने वेळ संपली म्हणून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती शाळा शोधली. वर्गात कुटुंबं, मधे चादरींचे पडदे. बतूल फळ्याखाली बसली होती. मला बघून उठली, आणि तिच्या मागे वहीब भिंत धरून उभा होता. भिंत धरून. मी सित्तानाकडे बघितलं नाही.

रीतीप्रमाणे आधी तळवे वर करून फातिहा झाली. मग कोणाकोणासाठी ते विचारलं. हाज ताहा रस्त्यातच गेले होते. पणजी गावात मागे राहिली, तिचं काय झालं कळलं नव्हतं. दोघे काका बेपत्ता. आणि हातिम. गाढवावर घालून आणत होते, छातीत कफ भरला, रस्त्यात दवाखाना नव्हता. एका बाभळीखाली पुरला, असं बतूलने सांगितलं, आणि बाभूळ आता ओळखू येणार नाही, असंही. ज्या रक्तावरून शोधायचं होतं त्यातलं निम्म्याहून अधिक मातीत गेलं होतं. हे मला कळलं तसं सित्तानालाही कळलं. आईच्या आणि एका पोराच्या रक्तावरून ते काम पुन्हा उभं राहणार नव्हतं.

बतूलने बाही वर केली. "घ्या परत. मला माहीत आहे खार्तूमला सगळ्यांचं सगळं गेलं. वहीबचंही घ्या."

सित्ताना तिच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "बतूल, ते वाचलं असतं. एक प्रत परदेशी ठेवता आली असती, आमचा मुलगा ठेवायला तयार होता. हाज ताहांना शब्द दिला होता म्हणून मी नाही ठेवली. ईदनंतर येऊन विचारणार होते."

बतूल तिच्याकडे बघत राहिली. तिला राग आला असावा असं मला वाटलं, पण तिच्या तोंडावर राग नव्हता, गोंधळ होता.

"विचारायला यायचं होतं? अगं, म्हातारा तर रोज रोजा सोडताना फोन मांडीवर घेऊन बसायचा. म्हणायचा, खार्तूमची पोरगी करेल. त्याचा नातू होता तो, नाही म्हणाला असता का? फोन करायचास की गं."

बतूलने बाही वर केलेला हात तसाच पुढे धरला होता. माझ्याकडे सुई नव्हती, नळी नव्हती, असती तरी रक्त ठेवायला फ्रीझर नव्हता. मी तिची बाही खाली केली आणि म्हटलं, नंतर येऊन घेऊ. ती म्हणाली, बरं. अगदी हातिम म्हणाला होता तसं.

शाळेबाहेर उन्हात सित्ताना थांबली आणि तिने फोन काढला. मला वाटलं, मुतासिमला सांगणार. तिने हाज ताहांचा नंबर लावला. तो ओसरीवर शब्द दिला तेव्हापासून तिच्याकडे होता. पलीकडून कंपनीची बाई म्हणाली की हा फोन बंद आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि परत लावला. मी तिच्या शेजारी उन्हात उभी राहिले आणि तिला थांबवलं नाही.